वालाच्या वेलाला रात्र मोजता येते

कोकणातल्या अनेक शाळांत पोषण आहारासाठी परसबागा उभ्या राहिल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्याकडे भाजीच्या टोपलीपुरतेच पाहिले जाते आणि ऋतुबदलाचा धडा मात्र फळ्यावरच्या आकृतीवर उरकला जातो. त्यामुळे ‘थंडी पडली की वाल फुलतो’ हा समज मुलांच्या मनात तसाच राहतो. रत्नागिरीत डिसेंबरातले दुपारचे तापमान जुलैतल्यापेक्षा चढेच असते, हे ध्यानात घेतले तर या समजाचा पायाच ढासळतो.

जूनमध्ये कुंपणाकडेला लावलेला गावठी वालाचा वेल पावसाळाभर मांडवावर नुसता पसरत राहतो आणि फुलोऱ्यावर येतो तो बहुधा दिवाळीच्या सुमारास. तेच बी भातकापणीनंतर अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर पेरले, तर वेल फारसा न वाढताच फुलतो. म्हणजे वेलाचे वय येथे निर्णायक नाही. निर्णायक आहे ती रात्रीची लांबी. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे 17 अक्षांशांवरच्या रत्नागिरीतही जूनमधला दिवस 13 तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरातला 11 तासांहून थोडाच मोठा असतो. दोन तासांचा हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, परंतु पानाला तो पुरतो.

दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांसारख्या पिकांवरून दाखवले. पुढे कळले की वनस्पती खरे तर अखंड अंधार मोजते. पानात फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाने ते सक्रिय रूपात जाते आणि सुमारे 730 नॅनोमीटरच्या अतिलाल प्रकाशाने, तसेच अंधारात हळूहळू, मूळ रूपात परतते. मात्र एवढ्याने रात्र मोजली जात नाही. पेशींमध्ये सुमारे 24 तासांचे अंतर्गत घड्याळ चालू असते, आणि त्या घड्याळाच्या ठरावीक प्रहरी पानावर प्रकाश पडला की नाही, यावर फुलोऱ्याचा निर्णय होतो. निर्णय झाला की पानात फ्लोरिजेन हे प्रथिन तयार होते आणि रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत पोहोचून तेथे पानांऐवजी कळ्या घडवते. भातातले असे प्रथिन 2007 मध्ये ओळखले गेले. पारंपरिक गरव्या भाताच्या अनेक जाती उशिरा पोटरीत येतात, त्यामागेही हीच यंत्रणा आहे.

पुढच्या प्रयोगात पंचांग लागणार आहे, म्हणून येथे एक भेद मुलांना आवर्जून सांगावा. मृग नक्षत्र सूर्याच्या स्थानावरून ठरते, म्हणून त्याला खगोलशास्त्रीय अर्थ आहे. त्या नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याला मात्र कोणताही आधार नाही.

परसबागेत करण्याजोगा प्रयोग अगदी सोपा आहे. एकाच बियाण्याचे दोन वेल जुलैत लावावेत, त्यांना माती, पाणी आणि ऊन सारखे मिळू द्यावे, आणि सप्टेंबरपासून एका वेलावर रोज मध्यरात्री तासभर दिवा लागेल अशी सोय करावी, म्हणजे त्याचा अखंड अंधार तुटेल. बियाणे गावठी, वेलीचेच असावे, कारण सुधारित बुटक्या जातींपैकी अनेकींना रात्रीच्या लांबीशी देणेघेणे नसते. मुलांनी पहिली कळी दिसल्याची तारीख वहीत लिहावी आणि तिच्याशेजारी त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पंचांगातून उतरवाव्यात.