सर्पगंधा: 'पागल की दवा' ते रेसर्पिनची गोळी

सर्पगंधेचे हातभर उंचीचे झुडूप कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात उगवते. एका पेरावर बहुधा तीन पाने, तांबड्या देठांवर पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळी चकचकीत फळे. औषधात लागते ती मुळी. मराठीत तिला अडकई किंवा हरकी असेही म्हणतात.

नाव आले ते सापामुळे. जुन्या वैद्यकात ती विषावरच्या मुळ्यांत गणली जाई. गार्सिया द ओर्ता यांच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात सर्पविषावरच्या लाकडांची चर्चा आहे. त्यांतली एक जात म्हणजे हीच, असे मानतात. विष उतरवण्याचा दावा मात्र टिकला नाही. साप चावलेल्याला मुळी उगाळून देणे म्हणजे इस्पितळात पोचायचा वेळ घालवणे. राउवोल्फिया सर्पेंटिना या शास्त्रीय नावातला राउवोल्फ हा 16व्या शतकातला जर्मन वैद्य. तो भारतात कधी आलाच नाही.

खरा उपयोग बिहारकडच्या लोकांनी जपला. तिकडे या मुळीला सरळ 'पागल की दवा' म्हणत. भडकलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला ती देत. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हा अनुभव छापून मांडला. 20 ते 30 ग्रेन, म्हणजे सुमारे 1.3 ते 2 ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिले की झोप लागते, आक्रस्ताळेपणा उतरतो आणि रक्तदाबही खाली येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइडे (वनस्पतीतली गुणकारी, नायट्रोजनयुक्त द्रव्ये) वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. शांत करणारे द्रव्य मात्र अजून हाती लागले नव्हते.

जगाचे लक्ष गेले ते मुंबईमुळे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे निष्कर्ष 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीत ते शांत करणारे द्रव्य, रेसर्पिन, वेगळे झाले आणि 1954 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचा अनुभव जाहीर केला.

मेंदूच्या पेशी संदेशद्रव्ये बारीक पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही, त्यामुळे साठा हळूहळू रिकामा होतो. म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांत फारसे काही जाणवत नाही, पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही परिणाम रेंगाळतो. नेमकी इथेच चूक होते: 'गुण येत नाही' म्हणून मात्रा वाढवली जाते आणि आठवड्याभराने सगळा भार एकदम अंगावर येतो. नाक चोंदते, नाडी मंदावते, जुलाब होतात, माणूस मलूल पडतो. काहींना खोल नैराश्य येते. ते औषध बंद केल्यावरही काही काळ टिकू शकते, म्हणून नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्यांना हे औषध देत नाहीत. पोटातील व्रण, कंपवात, गर्भारपण आणि अंगावर पाजणे हीसुद्धा टाळण्याचीच कारणे.

मात्रेचा घोळ जुनाच आहे. सेन-बोस यांची मात्रा उन्मादासाठी होती. रक्तदाबासाठी अख्ख्या मुळीच्या गोळ्या निघाल्या त्या दिवसाला साधारण 50 ते 300 मिलिग्रॅमच्या, आणि शुद्ध रेसर्पिनची नेहमीची मात्रा 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम. ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतली ही दरी लक्षात घेतली, तर 'चमचाभर चूर्ण दुधातून' हा घरगुती सल्ला किती बेभरवशाचा आहे ते कळते.

त्यात मुळी मुळीत फरक. बहुतेक अल्कलॉइडे सालीत असतात. मुळी खरवडून स्वच्छ केली की गुणच निघून जातो. म्हणून खणताना साल सोलली जाऊ देत नाहीत, माती नुसती धुऊन काढतात. दोन-अडीच वर्षांच्या झाडाची मुळी थंडीत, पाने झडल्यावर काढतात. अर्धवट वाळलेली मुळी बुरशी धरते. वाळलेली असो वा ओली, चव जहाल कडू असते.

मागणी वाढल्यावर रानातली झुडपे मुळासकट जाऊ लागली. 1955 मध्ये भारताने कच्च्या मुळ्यांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या राउवोल्फिया व्होमिटोरिया या तिच्या भाऊबंदाकडे वळल्या. 1990 पासून आपली सर्पगंधा साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. बाजारात मात्र तिच्या नावावर बडी चंद्रिका सर्रास खपते. एका पेरावर चार लहान-मोठी पाने असलेले हे झाड पडीक जमिनीत सहज वाढते आणि त्यात रेसर्पिन कमी असते. चूर्ण झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बडी चंद्रिकेच्या सालीत कठीण दगडपेशी दिसतात, खऱ्या सर्पगंधेच्या सालीत त्या नसतात.