चौदा कॅरटची फट : गोव्यातील एका दागिन्यांच्या स्टुडिओमागची पार्श्वभूमी

पणजीतल्या मळा भागात शिंपल्यांच्या जुन्या तावदानांपासून चांदीचे दागिने घडवणाऱ्या एका स्टुडिओविषयी सध्या बरेच छापून येत आहे. त्या प्रत्येक मजकुरात एक वाक्य हमखास असते : ‘घराण्याची पाचवी पिढी’. स्टुडिओ चालवणारी तरुणी हे वाक्य स्वतः कधी उच्चारत नाही, तिच्याविषयी लिहिणारे उच्चारतात. घराणे खरोखरच सोनारांचे आहे, मूळ घर फोंडा तालुक्यात आहे, आणि पणजोबांची ऐरण आजही स्टुडिओत वापरात आहे. पण पिढ्या मोजताना चौथ्या बोटावर हात अडखळतो. तिचे वडील वीज खात्यात होते. त्यांनी उभ्या आयुष्यात मूस, म्हणजे सोने वितळवायचे भांडे, तापवली नाही. या टिपणाचा विषय ती मधली फट आहे, कारण गोव्यातल्या बहुतेक शेटांच्या घरांत ती त्याच सुमारास पडलेली दिसते.

आधी ‘शेट’ या शब्दाविषयी थोडे. देशावरच्या वाचकाला शेट म्हटले की गल्ल्यावर बसलेला व्यापारी आठवतो. गोव्यात शेट म्हणजे सोनार, मग त्याच्याकडे गल्ला असो वा नसो. पोर्तुगीज कागदांत सोनारांच्या नावापुढे ‘शातीं’ असे उपपद दिसते, आणि घोळ तिथून सुरू होतो. हाच शब्द दक्षिणेकडच्या चेट्टींसाठीही वापरला जाई, पुढे पोर्तुगीज भाषेत तो कोणत्याही व्यापाऱ्यासाठी रुळला आणि हळूहळू लबाड दलाल असा वाईट अर्थही त्याला चिकटला. त्यामुळे जुन्या कागदात ‘शातीं’ दिसला की तो घडवणारा होता की विकणारा, हे नावावरून सांगता येत नाही. आपल्या घराण्याचा मूळपुरुष अशा कागदात शोधणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे. ‘दैवज्ञ’ सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे ‘नमस्कार’ म्हणावे की नाही, यावरून पेशवाईत पुण्यात आणि मुंबईत जो वाद पेटला, तो निराळा विषय आहे. त्यात शिरले तर हे टिपण संपायचे नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकाचे बोलायचे तर दोन-तीन गोष्टी पुरेत. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर दहा वर्षांच्या आत इथला एक सोनार लिस्बनला जाऊन खुद्द राजासाठी काम करून आला होता. १५६७ च्या धर्मसभेने मात्र ख्रिस्ती मूर्ती आणि क्रूस हिंदू कारागिरांकडून घडवून घेण्यास मनाई केली. अशी मनाई काढावी लागते तेव्हा काम सर्रास चालू असते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पुढे १६३६-३७ मध्ये जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवासाठी चांदीची जी पेटी झाली, ती गोव्यातल्याच हातांनी घडवली. तिच्यावर संताच्या चरित्रातले प्रसंग आहेत, पण पत्रा उठवण्याची रीत इथली आहे. तिसरी गोष्ट पोवळ्यांची. भूमध्य समुद्रातले लाल पोवळे लिस्बनमार्गे गोव्यात उतरे आणि त्याच्या मोबदल्यात दख्खनचे हिरे उलट दिशेने जात. सतराव्या आणि अठराव्या शतकात हा व्यापार जोरात होता. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या माळांत सोन्याच्या मण्यांशेजारी पोवळे दिसते, त्याचे मूळ या अदलाबदलीत आहे. पुतळ्यांची माळ तर हिंदू आणि ख्रिस्ती दोन्हीकडची. व्हेनिसच्या नाण्यावरच्या आकृती आपल्याकडे ‘पुतळ्या’ झाल्या, आणि त्या नाण्याची नक्कल करणारे ठसे सोनारांच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या राहिले. स्टुडिओतही असा एक ठसा आहे. त्याच्या कडा इतक्या झिजल्या आहेत की संत कुठला आणि व्हेनिसचा प्रमुख कुठला हे ओळखू येत नाही.

आता मूळ मुद्दा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. तोवर इथे सोने उघडपणे आयात होत असे. भारतात १९४७ पासून आयातीवर बंदी होती, त्यामुळे गोव्यात कायद्याने उतरलेले सोने चोरवाटांनी सीमेपलीकडे जाई, आणि त्या काळच्या कित्येक गोष्टी आजही जेवणानंतर सांगितल्या जातात. त्या गोष्टींत सोनार कधी नायक नसतो. तस्करी करणारे वेगळे, घडवणारे वेगळे. घडवणाऱ्याला एवढेच होते की चोख सोने बाजारात मिळत होते आणि गिऱ्हाईक स्वतःचे सोने घेऊन दारात येत होते. मूस त्याच्यासमोर तापायची, तोळे-मासे-गुंजांत वजन व्हायचे, घट किती धरायची हे आधी ठरायचे आणि घडणावळ शेवटी मिळायची. वही मराठीत.

मुक्तीला जेमतेम एक वर्ष झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चीनशी युद्ध नुकतेच झाले होते, परकीय चलनाची ओढाताण होती, आणि देशात चोरून येणारे सोने थांबवायचे तर सोन्याची मागणीच तोडावी, असा तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचा हिशेब होता. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही, दागिन्यांखेरीज सोने असेल तर जाहीर करायचे, असा हुकूम निघाला. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. पण तो मांडणाऱ्याने सोनार काम करताना पाहिला होता असे वाटत नाही.

बावीस कॅरटमध्ये शंभरात ९१.६ भाग सोने असते, चौदात ५८.५. उरलेल्या जागेत तांबे आणि चांदी शिरते, आणि धातूचा स्वभाव बदलतो. तो ताठ होतो. जंतरातून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, बारीक तार ओढताना मध्येच तुटतो, पत्रा ठोकताना कडेला चिरतो, पुनःपुन्हा तापवून नरम करावा लागतो, आणि तापवला की तांब्यामुळे काळा पडतो. डाक, म्हणजे सांधे जोडायचा धातू, तोही वेगळा लागतो, कारण जुना डाक वितळेपर्यंत खालचा दागिनाच वितळून बसायची भीती. युरोपात चौदा कॅरट शतकभर चालत आले होते, हे खरे. तिथली हत्यारे, डाक आणि घाट त्या धातूला धरून घडले होते. आमच्याकडची केवड्याची पाने, कुड्या आणि तारेच्या जाळीची फुले मऊ सोन्याला धरून घडली होती. या फुलांचा कणा म्हणजे नुसती तार. ती तार जंतरातून येईना, तेव्हा फूलही होईना.

गिऱ्हाइकांचे कारण त्याहून साधे होते. मंगळसूत्र पितळेच्या रंगाचे कोण घालणार? आणि अडीनडीला मोडायचा दागिना चौदाचा असेल तर मोडून हातात काय येणार? लोकांनी नवे घडवणे थांबवले. देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले. त्याच वर्षी पुढे नियम थोडे सैल होऊन, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या सोनाराला गिऱ्हाइकाचा जुना दागिना मूळ शुद्धतेत नव्याने घडवून देण्याची मुभा मिळाली. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये गेली.

अट गेली म्हणून प्रकरण मिटले, असे समजणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते खरी कंबर त्यानंतर मोडली. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण कायदा उभाच राहिला. सामान्य माणसाला लगड किंवा नाणे बाळगता येईना. प्रमाणपत्रधारक सोनाराला जवळ ठेवता येणाऱ्या लगडीची मर्यादा होती शंभर ग्रॅम, म्हणजे साडेआठ तोळ्यांच्या आसपास. परवानाधारक दुकानदाराला मात्र कामगारांच्या संख्येनुसार दोन किलोपर्यंत. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की पुढे पेढ्या का बंद पडल्या आणि शोरूम कशा उभ्या राहिल्या, याचे अर्धे उत्तर मिळते. अर्धे उत्तर अर्थात इतरत्र आहे, पण या विषयावर लिहिताना ते आधी सांगून कायद्याला हलके करायची पद्धत मला मान्य नाही.

तेव्हा ते इतर अर्धेही सांगतो. मुक्तीनंतर सरकारी खाती उघडली, गावोगावी शाळा झाल्या, १९६९ नंतर राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा वाढल्या, सत्तरच्या दशकात आखाती देशांची वाट खुली झाली. ज्या मुलाने बापाला इंग्रजी नोंदवही भरताना घाम पुसताना पाहिले, त्याने वीज खात्याची नोकरी घेतली तर त्याला वारसा सोडला म्हणणे अन्याय होईल. आमच्या घरातही हेच झाले. माझ्या काकांना चिमटा धरता येत होता. ते आयुष्यभर तलाठी कचेरीत बसले आणि निवृत्त झाल्यावर नातींच्या तुटलेल्या साखळ्यांना डाक लावून देत.

कायदा रद्द झाला जून १९९० मध्ये. म्हणजे १९६३ च्या नियमांपासून सत्तावीस वर्षे. तेवढ्या काळात एक अख्खी पिढी मोकळी होऊन दुसरीकडे रुजली होती. रिकाम्या बैठकीवर आले बंगाली कारागीर. आज गोव्यातल्या बहुतेक सराफांचे आतले काम ते करतात, आणि उरलेले दागिने मुंबई, कोइम्बतूर, त्रिशूर इथून यंत्रावर घडून येतात. हॉलमार्क २००० मध्ये ऐच्छिक म्हणून आला आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चाळीस लाखांच्या आतली उलाढाल आणि दोन ग्रॅमच्या आतला दागिना त्या सक्तीतून सुटला, त्यामुळे लहान स्टुडिओंना श्वास घेता आला. तारकामाला मात्र ही सूट पुरत नाही. जाळीच्या एका फुलात शेकडो सांधे असतात, प्रत्येक सांध्याला डाक, आणि डाकात सोने कमी. पूर्वी कॅडमियमचा डाक त्यावर उपाय होता, शुद्धता टिकायची. त्याची वाफ फुफ्फुसात जायची म्हणून तो हद्दपार झाला, आणि योग्यच झाले. या तरुणीने सोने सोडून चांदी का धरली, याचे कारण मुलाखतींत ‘चांदीचा शांत स्वभाव’ असे येते. ती हसून सांगते की भांडवल नव्हते.

शिंपल्यांचीही अशीच गोष्ट. तावदानांसाठी वापरला जाणारा चपटा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तेव्हा खाडीतून नवा काढण्याचा प्रश्नच नाही. तिच्याकडे येतात ती पाडलेल्या घरांच्या खिडक्यांतली चौकोनी तावदाने, कडेला जुना चुना चिकटलेली. शंभरातली पंधरा-वीस कापताना तडकतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते, म्हणून जून ते सप्टेंबर ती नवे काम फारसे घेत नाही. हत्यारे दुरुस्त करते, ठशांचे साचे काढते, आजोबांच्या वह्या वाचत बसते. कासवाच्या पाठीच्या, चांदीच्या पट्ट्या जडवलेल्या जुन्या पेट्या लोक दुरुस्तीला आणतात. त्या ती परत पाठवते, कायद्याच्या भानगडीत पडायचे नाही म्हणून.

काम ती शिकली ते म्हापशातल्या एका बंगाली कारागिराकडे, तीन वर्षे. वडिलांकडे शिकवायला काही नव्हते, आणि आजोबा ती शाळेत असतानाच गेले. त्यामुळे तिच्या तोंडी हत्यारांची आणि कृतींची नावे त्याची आहेत. आजोबांच्या वहीत ‘डाक’ लिहिले आहे, ती ‘पान’ म्हणते. फुंकणीची जागा गॅसच्या बर्नरने घेतली आहे. सवागी, म्हणजे डाक धरायला लावायचा टाकणखार, तेवढी दोघांचीही एकच, दगडावर पाणी टाकून उगाळलेली.