मतलई पडल्यावर, खारे वारे सुटण्याआधी

थंडीच्या दिवसांत मालवण, देवबाग किंवा निवतीहून डॉल्फिन पाहायला निघणारे बहुतेक पर्यटक न्याहारी आटोपून, दहाच्या पुढे होडीत बसतात, आणि त्या दिवसाचा सर्वांत चांगला समुद्र तोवर बहुधा सरलेला असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटेपर्यंत किनाऱ्याकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ऊन चढून जमीन तापली, की समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात. मतलई पडलेली आहे आणि खारा वारा अजून सुटलेला नाही, अशा मधल्या वेळेत पाणी जवळजवळ सपाट असते.

या सपाट पाण्याची संशोधकांनाही गरज असते. वाऱ्याचा जोर समुद्राच्या रूपावरून सांगणारी ब्यूफोर्ट श्रेणी 0 ते 12 अशी आहे. तिच्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर असताना, लाटांचे माथे फुटून पाण्यावर तुरळक पांढरा फेस उमटू लागतो. मग डॉल्फिनची पाठ कोणती आणि लाट कोणती हे ओळखणे अवघड होते, आणि पुष्कळदा सर्वेक्षणाचे काम तेथेच थांबवले जाते. प्राणी तेवढेच असतात. ते दिसण्याची शक्यता मात्र झपाट्याने घटते.

कोकण किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन. 2014 साली त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली आणि आज त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते. तो वर येतो तेव्हा आधी लांब चोच पाण्याबाहेर निघते, मग कपाळ, आणि शेवटी पाठीवरचा उंचवटा व त्यावर बसलेला लहानसा पर. सारे काही क्षणांत आटोपते. बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उड्या मारण्याची त्याला फारशी हौस नाही. साधारण 25 मीटरपेक्षा उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हा त्याचा मुलूख. मासेमारीची जाळीही तेथेच लागतात, म्हणून त्याचा आणि मच्छीमारांचा झगडा कायमचा आहे. फाटलेल्या जाळ्याचा तोटा खरा असतो, आणि जाळ्यात गुदमरणारा डॉल्फिनही.

शोध घेताना पाण्याइतकेच आकाशाकडे पाहावे. सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असतील, तर खाली तारलीसारख्या लहान माशांचा थवा असण्याचा संभव असतो आणि डॉल्फिनही त्याच्या मागावर असू शकतात. श्वास घ्यायला वर आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाचे मुठीएवढे डोके तर अशा निवांत पाण्याखेरीज नजरेस पडत नाही.

आणखी बाहेर, खोल पाण्यात देवमासे असतात. त्यांचा फवारा म्हणजे नाकातून उडवलेले समुद्राचे पाणी नव्हे. फुप्फुसांतली उबदार, दमट हवा वेगाने बाहेर पडून तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि नाकपुड्यांवर साचलेले थोडे पाणी त्यांत मिसळते. 2015 साली देवगड तालुक्यातील कुणकेश्वरजवळ संशोधकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता. अरबी समुद्रातील हंपबॅक नावाच्या देवमाशांची कथा याहून विलक्षण आहे. जगातले इतर हंपबॅक ध्रुवीय समुद्र आणि उष्ण कटिबंध यांच्यात दरवर्षी ये-जा करतात. हे मात्र अरबी समुद्र सोडून जात नाहीत. मुख्यतः 1966 साली देवमाशांची शिकार करणाऱ्या सोव्हिएत ताफ्याने त्यांतले 242 मारले, आणि आज ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. 2017 मध्ये तेथे उपग्रहाद्वारे माग काढण्याचे यंत्र बसवलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तेव्हा ओमान आणि भारत यांच्यामधला हा प्रवास प्रथमच नोंदला गेला.

पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि डॉल्फिन भक्ष्यही ध्वनीनेच हुडकतात. त्यामुळे पाच-सहा होड्यांनी इंजिने फुरफुरत कळपाला वेढा घातला, की त्यांची शिकार तर बिघडतेच, शिवाय ते पाण्याखाली लांबचा पल्ला मारून भलतीकडेच वर येतात. जाणता तांडेल, म्हणजे होडी हाकणारा प्रमुख, कळपाच्या पाठीमागे लागत नाही. दूर, एका बाजूला होडी घेऊन इंजिन मंदावतो आणि थांबतो.