डर्बीविजेत्या बापाचं पोर हजार मीटरला हमखास जिंकतं?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडवर घोड्यांबद्दल पिढ्यान् पिढ्या ऐकू येणारं वाक्य: "बाप डर्बी मारून गेलाय, पोरगं पहिल्याच शर्यतीत सुटणार!" हे चूक आहे, आणि या समजापायी चांगल्या जनावरांवर उगाच 'फुकट गेलं' असा शिक्का बसतो.

इंडियन डर्बी २४०० मीटरची, ती धावतात चार वर्षांचे घोडे. दोन वर्षांच्या नवख्यांची हजार मीटरची शर्यत जेमतेम मिनिटभरात आटोपते. तिथे दम नव्हे, झटका लागतो. २०१० साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, की मायोस्टॅटिन या एकाच जनुकाचा घोड्याला कोणतं अंतर मानवेल याच्याशी घट्ट संबंध आहे. या जनुकाच्या एका प्रकारात स्नायू लवकर भरतात आणि घोडा कमी अंतराला चपळ ठरतो. दुसऱ्या प्रकारातला लांब पल्ल्याला फुलतो. डर्बीवाल्या बापाकडून बहुधा हा दुसरा वारसा येतो. म्हणून आधी आई आणि सख्खी भावंडं किती अंतराला जिंकली ते बघा.

जन्मतारीखही बघाच. कागदोपत्री सगळ्यांचं वय १ जानेवारीला वाढतं. जानेवारीतलं शिंगरू आणि मे महिन्यातलं शिंगरू दोन्ही 'दोन वर्षांची', पण मधले चार महिने त्या वयात फार मोठे असतात.

आणि गेट, म्हणजे शर्यत जिथून सुटते तो दरवाजा! सकाळच्या सरावात जे गेटमधून सरळ, न बिचकता निघतं, त्याला मी वंशावळीपेक्षा जास्त मान देतो. सुरुवातीला गमावलेलं अंतर भरून काढायला पाच फर्लांगांत, म्हणजे साधारण हजार मीटरमध्ये, जागाच नसते.