ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मग टायर कुठलेही चालतील का?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला. त्याच्या गाडीच्या एका टायरची बाजू दगडाला घासून फाटली होती, पंक्चर काढण्यासारखी राहिली नव्हती. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: एकच टायर घेतला तर चालेल ना, आणि ऑल सीझनमधला कुठलाही स्वस्तातला घेतला तर काय बिघडतं, कारण "माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे रे, बर्फातपण रणगाड्यासारखी जाते". जाते हे खरंच आहे. मी म्हटलं, जाण्याबद्दल शंका नाही, थांबते का ते सांग. त्यावर त्याने एक हसणारा चेहरा पाठवला आणि विषय संपवला, माझा मात्र काही संपेना.

आधी हे ऑल व्हील ड्राइव्ह प्रकरण उरकून टाकतो, कारण मला खरं बोलायचंय ते रबराबद्दल. रस्ता गाडीला जास्तीत जास्त किती जोराने पुढे ढकलू शकतो? शाळेतलंच गणित, इंजिन जी चाकं फिरवतंय त्यांच्यावरचं वजन गुणिले घर्षणांक. इंजिन फक्त पुढची दोन चाकं फिरवत असेल आणि त्यांच्यावर गाडीचं ६० टक्के वजन असेल, तर उरलेलं ४० टक्के वजन नुसतं मागून फरफटत येतं. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन चारही चाकं फिरवतं, मग सगळं वजन कामी येतं. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ धरला तर पहिली गाडी ढोबळमानाने १२ टक्के चढ चढेल, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १२ मीटर वर, आणि ऑल व्हील ड्राइव्ह २० टक्क्यांपर्यंत. फरक मोठा आहे, नाकारत नाहीच.

पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात! थांबताना ऑल व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही, आणि वळणावर गाडी बाहेर सरकायला लागली की तिथेही शेवटचा शब्द टायरचाच. आता मजा बघा. तोच बर्फ, तोच ०.२, ताशी ४० किलोमीटर वेग. सपाटीवर ब्रेक दाबला तर गाडी साधारण ३१ मीटरमध्ये थांबते. १५ टक्के उतारावर मात्र गुरुत्वाकर्षण त्या ०.२ मधले ०.१५ आधीच खाऊन बसलेलं असतं, ब्रेकच्या वाट्याला उरतात ०.०५, आणि अंतर चौपट होतं, सव्वाशे मीटर. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी त्या चढावर चढलीच नसती, खालीच चाकं गरगर फिरवत बसली असती आणि तिच्या मालकाने वैतागून घरचा रस्ता धरला असता. ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला डौलात वर नेऊन सोडते, खाली सुखरूप आणायची जबाबदारी मात्र तिची नाही.

ती जबाबदारी ज्याची आहे तो तुकडा केवढा? दीड टनाची गाडी, टायरमध्ये ३२ पीएसआय म्हणजे २२० किलोपास्कल दाब, भागाकार करून बघा, चाकामागे १६५-१७० चौरस सेंटिमीटर येतात. तळहाताएवढी जागा. असे चार तळहात जमिनीला टेकलेले असतात, बाकी सगळी गाडी हवेत. (याच भागाकारात टायरची रुंदी कुठे आलीये का बघा. रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकणारी जागा आपोआप जास्त असं नसतं, बहुतेक करून फक्त तिचा आकार बदलतो.)

तर रबर. दोन गुळगुळीत कोरड्या पृष्ठभागांचं घर्षण आपण शाळेत शिकलो, पण रबर ते नियम फारसं पाळत नाही. ते रस्त्याला दोन तऱ्हेने धरतं. एक म्हणजे रेणू रेणूला चिकटतात, कोरड्या रस्त्यावर याचा वाटा मोठा असतो आणि मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की तो बराचसा जातो. दुसरी तऱ्हा माझ्या आवडीची. रस्ता दिसायला सपाट असला तरी खडीची बारीक टोकं वर आलेली असतात, ती रबरात रुततात. रबर त्या टोकावरून सरकताना आधी दबतं, मग टोक मागे पडलं की परत फुगून मूळ जागी यायला बघतं, पण आळशासारखं येतं, जेवढ्या जोराने दबलं तेवढ्या जोराने परत ढकलत नाही. त्यामुळे टोकाच्या एका अंगाला दाब जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी, आणि हा फरक घसरण्याला आडवा येतो. थोडक्यात ओल्या रस्त्यावरची पकड म्हणजे रबराचा आळस! दबताना दिलेली जी ऊर्जा परत मिळाली नाही ती उष्णता होऊन जाते, याला हिस्टेरिसिस म्हणतात.

हा आळस हातात घेऊन बघायचा असेल तर स्क्वॉशचा बॉल घ्या. थंड बॉल जमिनीवर टाकला तर थप्पकन पडतो, जेमतेम उसळतो. म्हणून खेळाडू आधी काही मिनिटं तो भिंतीवर बडवून बडवून गरम करतात, मग तोच बॉल नीट उसळायला लागतो. (आतल्या हवेचा दाबही वाढतो, पण रबराचा वाटा आहेच.) तोच बॉल, तेच रबर, फक्त तापमान वेगळं. थंड असताना आळशी, गरम झाल्यावर तरतरीत. आणि खूपच गार केला तर? मग तो आळशीसुद्धा राहत नाही, काचेसारखा कडक होतो.

असं का होतं, तर रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या दोऱ्यांचा गुंता. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून तापवण्याची युक्ती शोधली, तिने या दोऱ्यांना मध्ये मध्ये गाठी बसल्या म्हणून रबर उन्हाळ्यात चिकट लगदा होत नाही, पण दोन गाठींच्या मधली दोरी वळवळायला मोकळी असते. ऊब असेल तर वळवळ जोरात, गारठा असेल तर मंद, आणि एका तापमानाखाली जवळजवळ बंद, त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराचं ते उणे ७० सेल्सिअसच्या आसपास आहे, टायरमध्ये घालतात त्या पॉलिब्युटाडाइनचं उणे १०० च्या जवळ, आणि स्टायरिन-ब्युटाडाइन रबराचं कृतीनुसार बरंच वरखाली करता येतं. मग शंका येते, की बाहेर शून्याच्या आसपास तापमान असताना उणे ५०-६० वाल्या रबराला काय धाड भरते? ते कडक का वाटावं?

कारण रबराला तापमान आणि वेग यातला फरकच कळत नाही. रबर दबायला किती वेळ मिळतोय ते महत्त्वाचं. दोरीला एकदा वळवळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत तुम्ही तिला दाबून सोडलंत तर तिच्या दृष्टीने ती गोठलेलीच आहे. वेगाने दाबणं म्हणजे गार करणं. १९५५ साली विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी या अदलाबदलीचं सूत्र मांडलं, आणि १९६३ साली ग्रॉश यांनी रबराचे तुकडे काचेवर आणि घासकागदावर वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या आणि बऱ्यापैकी संथ वेगांनी ओढून घर्षण मोजलं, तर ते सगळे वेगळे दिसणारे आलेख त्याच सूत्राने बाजूला सरकवल्यावर एकमेकांवर चपखल बसून एकच लांब आलेख तयार झाला. मी हा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

आता गाडीत या. ताशी १०० च्या वेगाला टायर सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतो, म्हणजे ट्रेडचा (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या, खाचा असलेल्या थराचा) प्रत्येक तुकडा सेकंदाला १३ वेळा दबून सुटतो. पण ब्रेक दाबल्यावर तोच तुकडा खडीवरून समजा सेकंदाला एक मीटर सरकतोय आणि टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आहेत, तर धक्के सेकंदाला १०,००० होतात. १३ आणि १०,०००. एकाच वेळी एकच रबर, रोज फिरताना त्याला ऊब जाणवतेय आणि ब्रेक मारताना कडाक्याची थंडी. म्हणून टायर बनवणारे प्रयोगशाळेत सावकाश हलवूनच रबराचा आळस मोजतात, त्याला टॅन डेल्टा म्हणतात, पण दोन तापमानांना: शून्य अंशाजवळ तो जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली, आणि ६० अंशाला कमी असेल तर फिरताना ऊर्जा कमी वाया जाते आणि पेट्रोल वाचतं. इथे आळशी, तिथे तरतरीत, हे दोन्ही एका रबरात मागणं म्हणजे नवस बोलण्यासारखंच होतं, आणि तरी मिशेलिन या टायर कंपनीने १९९२ मध्ये रबरात मिसळतात त्या काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका (वाळूतलंच द्रव्य) घालून ते बऱ्यापैकी जमवलं. काजळीचे कण आपापसात चिकटून जाळी करतात, ती दर फेरीला मोडते आणि परत जुळते आणि त्यात ऊर्जा जाते. सिलिकाचे कण सिलेन नावाच्या रसायनाने रबराला पक्के बांधले की ही मोडतोड कमी होते.

इथपर्यंत जे टिकले त्यांना बाकीचं आता सोपं जाईल. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यासाठी जुळवलेलं असतं, पारा ७ अंशांच्या खाली घुटमळायला लागला की ते काचेच्या बाजूला सरकतं आणि पकड घटते. (७ हा काही जादूचा आकडा नाही हां, ढोबळ खूण आहे.) हिवाळी टायर थंडीत मऊ राहतो, पण उन्हात त्याचे ठोकळे लिबलिबीत होतात, झिजतात भराभर आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. ऑल सीझन या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे सगळ्या ऋतूंत उत्तम असं नाही, कुठल्याच ऋतूत अगदीच रडका नाही असा. 'एक टायर, बारा महिने, निर्धास्त' छाप जाहिराती वाचल्या की मला सर्व रोगांवर एकच औषध विकणारे आठवतात.

टायरच्या कुशीवर बघायचं काय, तर एम प्लस एस अशी अक्षरं बहुतेक ऑल सीझनवर असतात आणि त्यांचा अर्थ एवढाच, की खाचांची रचना चिखल-बर्फाला साजेशी आहे. ही अक्षरं मिळवायला टायर बर्फावर चालवून बघावाच लागतो असं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमाची चांदणी असं चित्र असेल तर मात्र तो टायर बर्फावरच्या चाचणीत ठरलेल्या संदर्भ-टायरपेक्षा निदान १० टक्के सरस ठरलेला असतो. पण उत्तर अमेरिकेतून आलेली मूळ चाचणी वेग घेतानाची आहे, आणि वेग घ्यायला ऑल व्हील ड्राइव्ह आधीच बसलीये की मदतीला! नितळ गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर थांबण्याबद्दल ते चित्र फारसं काही सांगत नाही. तरी जिथे कधीमधी बर्फ पडतो तिथे हे चित्र असलेलाच घ्यावा, आणि महिनोन्‌महिने पडतो तिथे सरळ हिवाळी जोड. बर्फच नसेल तर चित्राच्या मागे लागू नका, ओल्या रस्त्यावरची ब्रेकची चाचणी वाचा.

खाचांबद्दल एकच गंमत सांगतो, बर्फात टायरच्या खाचांत बर्फ ठासून बसतो तो काढायची घाई करू नये, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो, खाचा त्यासाठीच असतात. पाण्यात उलट, तिथे खाचांनी पाणी बाहेर फेकायचं असतं, आणि ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. १९६० च्या दशकात नासात विमानाच्या टायरवर प्रयोग करून निघालेल्या सूत्रात हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो, ३२ पीएसआयला ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास. झिजलेल्या टायरला पाणी किती साचलंय तेवढंच बघावं लागतं, ड्राइव्ह दोन चाकी की चार चाकी हे पाण्याला विचारत नाही कुणी.

राहिला मित्राचा पहिला प्रश्न, एक की चार. त्याच्या उरलेल्या तीन टायरच्या खाचांची खोली मी मोजायला लावली, ४ मिलिमीटर निघाली. नवीन टायर ८ चा. म्हणजे व्यासात ८ मिलिमीटर फरक, परिघात २५. ६६ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला हे किलोमीटरमागे सहा फेऱ्यांच्या घरात जातं, १०० किलोमीटरला ६००. त्याच ॲक्सलवरचं (डाव्या-उजव्या चाकांच्या आसावरचं) दुसरं चाक जुनं असल्याने पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये याच्या निम्मा फरक पोचतो, तरी ३०० फेऱ्या. वळताना पुढची-मागची चाकं कमीजास्त फिरतातच, दोन्ही ॲक्सल जोडणारी मधली कपलिंग त्यासाठीच असते, पण वळण चार सेकंदांत संपतं आणि हा फरक सरळ रस्त्यावर तासनतास चालू राहतो. कपलिंगमध्ये सिलिकॉन तेलातल्या चकत्या असोत की क्लच प्लेट, त्या सतत एकमेकींवर घसरत तापत राहतात. सुबारूची शिफारस चारही टायरचे परीघ एकमेकांपासून पाव इंचाच्या आत ठेवा अशी आहे, म्हणजे सहाएक मिलिमीटर. याचे २५ होते. काही ठिकाणी नवीन टायर तासून जुन्याच्या मापाचा करून देतात, तो एक मार्ग आहे, पण ४ मिलिमीटर कोरं रबर तासून फेकायला त्याचा जीव होईना. शेवटी चारही घेतले, चांदणीच्या चित्राचे, आणि १० हजार किलोमीटरच्या आत पुढचे मागे फिरवत राहायचं कबूल केलं, नाहीतर ते परत वेगवेगळे झिजणार.

परवा परत मेसेज: "बसवतोय. नायट्रोजन भरू का म्हणून विचारतायत, थंडीत दाब कमी होत नाही म्हणे." साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि पारा १० अंश उतरला की दोन्हींचा दाब सारखाच, दीडएक पीएसआय, उतरतो. नायट्रोजन रबरातून जरा हळू झिरपतो एवढं खरं. मी लिहिलं, साधी हवा भर आणि वाचलेल्या पैशांत दाब मोजायचा गेज घे. या वेळी हसणारा चेहरा आला नाही, गेजचा फोटो आला. त्यात २६ दिसत होतं.