हजार पानांचं राज्य डोक्यात मावतं कसं?

एका वेळी माणसाच्या मनात किती गोष्टी मावतात? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली ‘सातच्या आसपास’ असं सांगितलं. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी अनेक प्रयोग तपासून हा आकडा चारपर्यंत खाली आणला. आणि जाडजूड अद्भुतरम्य कादंबरीत नुसती राजघराणीच चाराहून जास्त असतात. शिवाय त्यांचे सरदार, नद्या, शाप, तीन पिढ्यांपूर्वीची वैरं. तरीही वाचकाचा गोंधळ उडत नाही, उलट तो रंगून जातो.

हे कसं जमतं, ते वाचनाच्याच काही प्रयोगांतून कळतं. वाचकाला मध्येच थांबवून भलतंच काम द्यायचं आणि मग पुढे वाचायला लावायचं. मनातली ती चार घरं तोवर दुसऱ्याच गोष्टींनी भरलेली असतात. पण परिणाम एवढाच, की पहिलं वाक्य वाचायला जरा जास्त वेळ लागतो. समजण्यात फारसा फरक पडत नाही. अँडर्स एरिक्सन आणि वॉल्टर किंच यांनी 1995 मध्ये यावर एक विचार मांडला: सरावलेला वाचक गोष्ट थेट दीर्घकालीन स्मृतीत रचत जातो, आणि त्या चार घरांत असतात फक्त तिथवर पोचायच्या खुणा. म्हणून मडगावच्या बसमध्ये झुआरी पुलावर पुस्तक मिटलं, दिवसभर कचेरीत मान मोडून काम केलं आणि रात्री जेवण आटोपून पुन्हा उघडलं, तरी घोडेस्वार त्याच खिंडीत उभा सापडतो.

लांब कथा अशी तुकड्यातुकड्यांनी घेण्याची गोव्याला जुनी सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांचं हे काव्य रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये वाचलं जाई. देवळातल्या पुराणवाचनाचीही हीच तऱ्हा. मागची कथा मनात घेऊनच श्रोता पुढच्या बैठकीला यायचा.

पण गोष्ट इतकी लांब हवीच कशाला? ‘नुसतं पाल्हाळ’ ही तक्रार मला मुळीच पटत नाही. फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये दाखवून दिलं, की नवी गोष्ट आपण आधीच्या ओळखीच्या साच्यांत बसवून समजून घेतो. गोव्यातल्या वाचकासाठी ‘म्हापशाचा शुक्रवार’ एवढं लिहिलं की पुरे. हरमलची मिरची, मयड्याची केळी, सुक्या मासळीचा वास, घासाघीस हे सारं तो स्वतःच भरून घेतो. कल्पित नगरातल्या बाजारासाठी असा साचा कोणाकडेच नसतो. तिथे नाणं कोणतं चालतं, कोण कोणापुढे वाकतं, शपथ कशाची घेतात, हे लेखकाला एकेक करून वाचकाच्या स्मृतीत रुजवावं लागतं. पहिली दोनशे पानं त्यातच जातात. माझ्या ओळखीतले बरेच जण नेमके इथेच पुस्तक खाली ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कारण खरी मजा पुढे असते. समजा, आठशेव्या पानावर एवढंच वाक्य आहे: म्हातारीने डाव्या हाताने आमटीत मीठ टाकलं. बाहेरच्याला त्यात काहीच दिसणार नाही. पण डाव्या हाताने मीठ घालण्याची रीत बुडालेल्या राजघराण्याची, हे पन्नासाव्या पानावरच्या लग्नाच्या पंगतीत येऊन गेलेलं असतं. वाचकाच्या अंगावर सर्रकन काटा येतो. लेखकाने काही उलगडून सांगितलेलं नसतं, वाचकाने ते आपणहून ओळखलेलं असतं. लहान कथेत हे होतच नाही असं नाही, पण आठशे पानांच्या सहवासानंतर त्याची खोली निराळीच.

वाचताना मेंदूत काय चालतं, याचीही झलक मिळाली आहे. निकोल स्पीअर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून गोष्टी वाचायला दिल्या. पात्राने एखादी वस्तू हाताळली की हाताच्या हालचालीशी निगडित भाग जागा होई. पात्राची जागा बदलली की वेगळे भाग. त्या गोष्टी एका मुलाच्या साध्यासुध्या दिवसाच्या होत्या, ड्रॅगनच्या नव्हत्या. पण ड्रॅगनसाठी मेंदूत निराळी सोय असेल, असं मानायला मला कारण दिसत नाही.

इंग्रजी कथा मनात वाचणाऱ्या प्रौढाचा वेग मिनिटाला साधारण 260 शब्द. दहा लाख शब्दांची मालिका म्हणजे 64 तास. गोव्याच्या पावसाळ्यात ते आरामात निघतात.

पुढचा खंड मात्र कधी कधी काही वर्षांनी येतो. तोवर नावं पुसट झालेली असतात. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं, की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तेव्हा सारांशावर भागवू नका, मागचा खंडच काढा. पात्रं भराभर ओळखीची होतील, आणि पहिल्या खेपेला घाईत ओलांडलेल्या ओळींपाशी थांबायला सवड मिळेल.