‘४ जीबीचं कार्ड म्हणजे २ जीबीपेक्षा भारी’: खुलासा

नाशिकमध्ये गेमिंगसाठी जुना पीसी घेणाऱ्याला ग्राफिक्स कार्डबद्दल (गेमचं चित्र पडद्यावर उमटवणारा भाग) हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे. जीबी म्हणजे फक्त साठवायची जागा. वेग ठरतो कार्डच्या चिपवर आणि मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा चिपपर्यंत पोचतो त्यावर.

उदाहरणार्थ, २०१४ चं जीटी ७३० हे कार्ड बघा. त्याच्या ६४-बिट बस (मेमरी ते चिप या वाटेची रुंदी) आणि डीडीआर३ (हळू मेमरी) असलेल्या प्रकारात बँडविड्थ सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी, चिपमधले कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) ३८४. २०१६ चं जीटीएक्स १०५० फक्त २ जीबीचं, पण १२८-बिट बस आणि जीडीडीआर५ (वेगवान मेमरी) मुळे बँडविड्थ सेकंदाला ११२ जीबी आणि कोअर ६४०. ७३० वर ४ जीबी असली तरी ती भरेल असं टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) लावलं की गेम रखडणारच, कारण तेवढा डेटा चिपपर्यंत वेळेत पोचत नाही.

जीबी कमी पडतातही, हे खरं. मेमरी भरली की डेटा पीसीच्या साध्या, हळू रॅममध्ये जातो आणि गेम मध्येच अडकतो. १०५० वर म्हणूनच टेक्श्चर ‘लो’वर ठेवा.

पैसे देण्याआधी दुकानातच जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून मेमरी टाइप, बस विड्थ आणि बँडविड्थ बघा. कार्डच्या नावापुढे ‘फेक’ दिसलं तर बायोस (कार्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून दुसऱ्याच नावाने विकायला काढलेलं कार्ड आहे, घेऊच नका.